पिवळीची गोडी

आमच्या दादाला तणनाशकाबद्दल कोणी वाकडं बोललेलं खपत नाही. तो फवारणीची कामं घेतो. कारखान्यांची आवारं, रुळांच्या कडा, मैदानं, जिथं म्हणून नको ते उगवतं तिथं हा पाठीवर पंप लावून हजर. "औषध आहे ते, विष नाही," हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणतोच. त्यामुळे आत्यानं जेव्हा त्याला तोंडावर सुनावलं की तुझ्या विषानं माझं जनावर मेलं, आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसता बसून राहिला. आई गेल्यावर आम्हा दोघांना आत्यानंच वाढवलं. तिला दादावर ओरडताना मी हजारदा ऐकलंय, पण दार बंद केलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

मेलेलं जनावर म्हणजे राणीसाहेब. आत्याकडं दोन गाढविणी होत्या, वीटभट्टीवर राबून थकलेल्या, तिनं म्हातारपणाची सोबत म्हणून आणलेल्या. थोरलीचे नखरे फार. गवताची काडी न् काडी हुंगून पारखून घ्यायची, म्हणून ती राणीसाहेब. दुसरी नुसतीच धाकटी. घरामागच्या कुंपण घातलेल्या उतारावर दोघी दिवसभर चरायच्या.

त्या उतारावर पिवळी माजली होती. पिवळी म्हणजे पिवळ्या फुलांचं, दिसायला साधंभोळं तण, पण त्याचा चीक अंगाला लागला की आग आग होते आणि फोड येतात. आत्याची मनगटं कायम सोललेली. जनावरं मात्र शहाणी, त्यांनी पिवळीला कधी तोंड लावलं नाही. शेवटी आत्यानंच दादाला सांगितलं की एकदाचा काय तो निकाल लाव. दादानं अख्खा हंगामभर, पट्ट्यापट्ट्यानं, उतार फवारला. प्रत्येक वेळी फवारा वाळेपर्यंत गाढविणींना आत बांधायला लावलं, कारण डब्यावर तसं छापलेलं होतं. कामात तो चोख आहे, हे त्याचे शत्रूही मान्य करतील.

हे औषध झाडाला मारतं कसं, हे मी त्याला तेव्हाच विचारून घेतलं होतं. घरात मला 'चौकशीची खिडकी' म्हणतात ते उगाच नाही. तो म्हणाला, आपण मारतच नाही, आपण त्याला वाढ म्हणून सांगतो. झाड वेड्यासारखं वाढायला लागतं, खोड पिळवटतं, पानं गुंडाळतात आणि शेवटी स्वतःच्याच हावेनं कोसळतं. मला हे इतकं आवडलं की नंतर आठवडाभर मी ऑफिसात सगळ्यांना तेच सांगत होते.

माझं ऑफिस म्हणजे जनावरांच्या दवाखान्याची प्रयोगशाळा. अवयवांचे पातळ काप करायचे, रंगवायचे, काचेवर चिकटवायचे. राणीसाहेब खंगत खंगत गेल्या आणि एका सकाळी उठल्याच नाहीत, तेव्हा त्यांचं यकृत तपासायला घ्या म्हणून मीच हट्ट धरला. माझ्या भावाच्या कपाळावरचा डाग मला पुसायचा होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी काच पाहिली आणि मलाही दाखवली. हे दादाच्या औषधाचं काम नाही, म्हणाल्या. एखादी विषारी वनस्पती थोडी थोडी, बरेच दिवस पोटात गेली की यकृत असं होतं. पिवळीनं नेमकं असंच होतं.

मी तिथूनच दादाला फोन लावला. माझं बोलून व्हायच्या आत त्यानं तो ठेवला आणि आत्याला लावला. आत्या तोंडानं तिखट असली तरी न्यायाची आहे. चुकलं माझं, म्हणाली, आणि रविवारी दोघांनाही जेवायला बोलावलं.

रविवारी दादाचा थाट बघण्यासारखा होता. आत्या त्याला आग्रह करून वाढत होती आणि तो, आपण मुळापासून कसे बरोबर होतो, हे पुन्हा पुन्हा सांगत होता. वाढता वाढता आत्यानं सहज विचारलं, "पण राणीनं इतकी वर्षं जिला तोंड लावलं नाही, ती पिवळी आत्ताच का खाल्ली रे?"

दादा हसून म्हणाला, "गाढवच ती. गाढवाला गुळाची चव काय?"

तो जेवत राहिला. माझा घास मात्र हातातच राहिला. प्रश्न साधा होता आणि मला तो सुचला नव्हता, याचा आधी रागच आला. काहीतरी निमित्त सांगून मी उठले आणि मागच्या दारानं उतारावर गेले.

राणीसाहेब गेल्यापासून आत्यानं धाकटीला विकतच्या चाऱ्यावर आत बांधून ठेवलं होतं. पण औषध निर्दोष ठरलं आणि पिवळीही आता मरायला टेकली म्हटल्यावर त्याच सकाळी तिनं तिला पुन्हा मोकळं सोडलं होतं. धाकटी सगळ्यात शेवटी फवारलेल्या पट्ट्यात उभी होती. पायाशी हिरवंगार गवत, आणि ही बया ते ओलांडून पिळवटलेली, मान टाकलेली पिवळी मटामटा खात होती. मी आधी तिला ओढत नेऊन आत बांधलं. डोकं मात्र काही गप्प बसेना.

माझा नवरा फळांच्या रसाच्या कारखान्यात आहे. रसातली साखर मोजायची त्याची दुर्बिणीसारखी छोटीशी नळी गाडीच्या खणात कायम पडलेली असते. ती आणली. कुंपणाबाहेरची, फवारा न लागलेली पिवळी दगडावर चेचली, रसाचा थेंब नळीच्या काचेवर टाकला आणि डोळा लावला. मग फवारलेल्या पट्ट्यातली घेतली. आतली साखरेची रेघ चांगलीच वर सरकली. सुकल्यामुळे रस दाट झाला असेल, अशी शंका आली, म्हणून नुकतंच पिळवटायला लागलेलं, अजून रसरशीत असलेलं खोड शोधलं. तरी रेघ वरच. शेवटी करू नये ते केलं आणि दोन्ही थेंब जिभेच्या टोकाला लावून थुंकले. ताजीनं सरळ चटका दिला. फवारलेली आधी गोड लागली, चटका मागाहून आला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? झाड मरता मरता गोड होतं. विष होतं तेवढंच राहतं, फक्त ते ओळखायची खूण झाकली जाते. गाढवाला गुळाची चव बरोबर कळली होती. नळीची काच पुसताना मात्र तो आनंद मावळला. घरातून दादाचं हसणं ऐकू येत होतं.

धाकटीला काहीतरी सबब सांगून आत ठेवता आलं असतं. दादाची अब्रू राहिली असती, आत्याचं दारही उघडं राहिलं असतं. पण हाच माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी कुरणात फवारून छातीठोकपणे सांगणार होता, फवारा वाळला, आता सोडा जनावरं. मी हात धुतले, बोटांची आग थांबली नाही, आणि आत जाऊन सगळं सांगितलं.

दादा चिडला. "औषधानं मारलं नाही, हे तूच म्हणालीस ना?"

"आजही तेच म्हणते. पिवळीनंच मारलं," मी म्हटलं. "पण तुझ्या औषधानं ती गोड झाली. पार मरून वाळेपर्यंत जनावर तिथं सोडायलाच नको होतं."

 त्यानं ताट बाजूला सारलं. आता आत्या त्याला पुन्हा बाहेर काढणार, असं मला वाटलं आणि मी तिच्याकडं बघायचं टाळलं. धाकटीच्या पोटात किती गेलं असेल, असं आत्यानं मला विचारलं. माहीत नाही म्हणाले. रक्त तपासून थोडंफार कळेल, बाकीचं कळायला महिने जातील. तिनं मान हलवली. दादा खाली बघत म्हणाला, "म्हणजे मीच मारलं."

आत्या त्याच्यासमोर बसली. रागावलेली दिसत नव्हती.

"मी रोज बघत होते तिला," ती म्हणाली. "इतकी नखरेल ती, आणि त्या दिवसांत मान वर न करता खायची. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, हिच्या तोंडाला चव आली. इतकं बरं वाटायचं मला, की संध्याकाळी बांधायची वेळ झाली तरी मी तिला अजून थोडं खाऊ द्यायचे."