मुलताईची सून

आशाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे सारं गाव जाणून होतं. शेंदूरजनाघाटापासून अर्ध्या तासावरच्या त्या गावात कुणाची सोयरीक कुठं फसली आणि कुणाची सून कशी निघाली, याचा निकाल ती हातातलं काम न सोडता देऊन टाकायची. शेजारच्या पंचफुलाच्या पुतण्यानं ओडिशाची बायको करून आणली, तेव्हा आशाबाई त्या लग्नात जेवली नाही. "कोठच्या कोठच्या पोरी आणून राहिले लोक," असं ती चारचौघींत म्हणाली. पंचफुलानं ते ऐकलं आणि तिथूनच घरी गेली.

आता देवाची करणी बघा. पुढच्याच वर्षी तिचा स्वतःचा नितेश बंगालची पोरगी घेऊन आला.

नितेशची सहा एकर संत्र्याची बाग, पोरगा निर्व्यसनी, पण तिशी उलटली तरी लग्न जुळेना. शेतकऱ्याला पोरगी द्यायची कुणाची तयारी? त्या वर्षी तो हिवाळ्याच्या तोंडावर निघणारी आंबिया बहाराची संत्री घेऊन ट्रकसोबत थेट बांगलादेशच्या सीमेपर्यंत गेला. तिथं गाड्यांची रांग आठ दिवस हलली नाही आणि याला ताप भरला. रांगेच्या कडेला चहाचं दुकान होतं. दुकानदाराच्या पोरीनं आठ दिवस त्याला पेज करून पाजली. नितेश बरा होऊन परत आला आणि महिन्याभरानं पुन्हा तिकडं गेला. या खेपेला ट्रकही नव्हता आणि संत्रीही नव्हती.

आशाबाई दोन दिवस जेवली नाही. नवरा, नत्थुजी, केव्हाचाच गेलेला, त्यामुळं भांडायलाही कुणी नाही. तिसऱ्या दिवशी उठली, तोंड धुतलं आणि गावाला सांगून मोकळी झाली, की पोरगी मुलताईची आहे, आपल्यातलीच आहे, माय-बाप नाहीत, मामानं वाढवली. मुलताई म्हणजे सरहद्दीपलीकडं, मध्य प्रदेशात. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आलेल्या. कोण कशाला चौकशी करतो? पोरीला तिनं बजावलं, "सहा महिने तोंड उघडू नोको. आमची बोली आली की मग बोल." लग्नात रीतीप्रमाणं नितेशनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. चंदा. तेही आशाबाईनंच ठरवलेलं.

त्याला बारा वर्षं झाली. चंदा आता अशी वऱ्हाडी बोलायची, की भाजीवाल्याची बोलती बंद व्हायची. संत्र्याची कलमं बांधण्यात तिचा हात गावात कुणी धरू शकत नव्हतं. तिची नीलम चौथीत गेली. आशाबाईचा तर जीव जडला होता सुनेवर, लेकापेक्षा जास्त. पण हे कबूल करेल तर ती आशाबाई कसली.

आणि मग या वर्षी बाहेरून आलेल्या माणसांच्या कागदपत्रांची सरकारी तपासणी निघाली. चंदानं बापाकडून मागवलेला शाळेचा दाखला सरळ देऊन टाकला. त्यावर बंगालचं गाव होतं, सीमेच्या अलीकडं दोन कोसांवर. दाखल्यावर नाव वेगळं आणि आधारवर चंदा, म्हणून कचेरीचा माणूस चौकशीला गावात आला. आशाबाई तेव्हा बागेत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका सुरात सांगितलं, "मुलताईची आहे ना, सायब. आमाले मालूम नाही का?" पंचफुलानं सही केली, पोलीस पाटील खुशालरावांनी सही केली. आपण शेजारधर्म पाळला, असं बिचाऱ्यांना वाटलं.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. खोटी ओळख सांगून राहत असल्याचा संशय. मंगळवारी तालुक्याच्या कचेरीत हजर व्हा, नाहीतर फाईल अमरावतीला जाईल.

"अमरावतीहून पुढं काय होते रे?" आशाबाईनं नितेशला विचारलं.

"काही बायांना थेट सीमेपलीकडं सोडून देतात म्हणतात," तो म्हणाला. "जो देशच तिचा नाही, तिथं."

आशाबाईला सगळं लख्ख दिसलं. सून खरं बोलली होती. खोटं तिनं स्वतः पेरलं होतं, आणि ते गावानं इतकं इमानानं सांभाळलं की आता तेच पोरीच्या गळ्याशी आलं होतं. खरं सांगायचं तर साऱ्या गावासमोर सांगावं लागणार होतं, आणि त्यात पंचफुला असणार होती.

मंगळवारी कचेरीत साक्षीला पंचफुला आणि खुशालराव आधीच येऊन बसले होते. साहेब तरुण होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी विचारलं, "आजी, सून कुठली?"

आशाबाई उभी राहिली. पदर सारखा केला.

"बंगालची, सायब. मुलताई मी जोडली. लाज वाटत होती म्हणून जोडली. यायनं सही केली ती माह्या सांगण्यावर इसवास ठेवून."

पंचफुलाकडं बघायची तिची हिंमत झाली नाही.

साहेबांनी समोरचा दाखला टेबलावर पालथा घातला. "असं असेल तर या दाखल्यावरचं नाव सांगा. सुनेचं माहेरचं नाव काय? सूनबाई, तुम्ही आणि तुमच्या नवऱ्यानं बोलायचं नाही."

आशाबाईला नाव माहीत नव्हतं. साऱ्या गावाच्या सात पिढ्या पाठ असलेल्या बाईला आपल्या घरातल्या पोरीचं नाव माहीत नव्हतं. तिनं नितेशकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली.

"बारा वर्षं एका घरात राहता आणि नाव माहीत नाही," साहेब म्हणाले. "मग तुमची साक्ष मी कशी धरू?"

"नका धरू," आशाबाई म्हणाली. "पण बाकी सारं लिहून घ्या. तिच्या बापाचं नाव गोपाल. मंडल आडनाव. चहाचं दुकान आहे त्याचं, उजव्या पायानं तो लंगडते. दर रविवारी तो फोन करते. मी वरडू नये म्हणून ही बागेच्या टोकाला जाऊन बोलते, मले मालूम आहे. भाऊ नदीत बुडाला तिचा. त्या तिथीले उपास धरते आन् आमाले सांगते, एकादशी आहे. बाळंतपणात तीन दिवस अडली होती, तवा आपल्या बोलीत मायले हाका मारे. मी तिचं तोंड दाबलं, सायब. बाया ऐकतीन म्हणून. चूक तिची नाही. जे लपवलं ते मी लपवलं."

मग पंचफुला उठली.

"माह्यंही बदलून लिहा. मले पहिल्या वर्षीच समजलं होतं."

"मंग बोलली काहून नाही वं?" आशाबाईनं विचारलं.

"गावात तुह्यी इज्जत राहावी म्हणून," पंचफुला म्हणाली आणि खाली बसली. ओडिशाच्या सुनेचा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर आशाबाईला सोपं गेलं असतं.

साहेबांनी दाखला किंचित उचलून त्यावरचं बापाचं नाव पाहिलं, पुन्हा पालथा ठेवला आणि चंदाचा मोबाईल मागितला. त्यावर 'बाबा' असं लिहिलेला नंबर लावला, आवाज मोठा केला आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. चार घंट्या वाजल्या. पलीकडं कपबशांचा आवाज आला आणि एक म्हातारा माणूस घाईघाईनं म्हणाला, "झर्ना? की रे मा? झर्ना?"

आज रविवार नव्हता. म्हातारा घाबरला असावा, काय झालं पोरी, अशी तीच हाक तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. चंदाच्या डोळ्यांना धार लागली, पण तिला बोलायची मनाई होती. साहेबांनी दाखला सुलटा केला, त्यावरचं झर्ना हे नाव सगळ्यांना दिसेल असा धरला आणि फोन तिच्या हातात दिला.

"बोला," ते म्हणाले. "फाईल इथंच बंद करतो. नाव बदलल्याची नोंद करून घ्या."

ती तिथंच, सगळ्यांच्या देखत, आपल्या बोलीत बापाशी बोलली. कुणालाही एक अक्षर समजलं नाही, आणि कुणी उठलंही नाही.

जबाबांवर सह्या झाल्या. बाहेर आल्यावर नितेश ऑटो बघायला गेला. आशाबाई कचेरीच्या पायरीवर बसली.

"बारा वर्षं झाली, पोरी," ती म्हणाली. "एकदा तरी सांगाचं होतं मले तुह्यं नाव."

सून शेजारी बसली. तिनं सासूचा घसरलेला पदर खांद्यावर नीट केला.

"तुमी कधी इचारलंच नाही, आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नितेश ऑटो घेऊन आला, तेव्हा आशाबाईनं उठायला सुनेचाच हात धरला.