ओळखीची खूण

परवाना कचेरीच्या दारात टेबल टाकून मी लोकांचे अर्ज भरून देतो. कोण कोणाला काय म्हणालं, याची नोंद डोक्यात आपोआप होते. जित्याची खोडच म्हणा.

या आठवड्यात माझ्या टेबलाशी आलेल्या मावशी चोवीस वर्षं शाळेची बस चालवतात. लायसन्सची मुदत शुक्रवारी संपत होती. नवं मिळालं नाही तर सोमवारपासून बस दुसऱ्याच्या हातात. बुधवारी अर्ज घेऊन आत गेल्या नि पाचव्या मिनिटाला बाहेर.

"भाऊ, तो कारकून म्हणतो, आजी, फोटोत फार थकलेल्या दिसताय, डॉक्टरचा दाखला आणा. मी काय बस डोक्यावर घेऊन पळणार आहे?"

दुपारी दाखला आणला. नजर चांगली, हात स्थिर. तर म्हणे, "ठीक आहे, पण फोटो जरा फ्रेश आणा ना."

समोरचा फोटोवाला भला माणूस. "ताई, काळजी सोडा," म्हणाला आणि त्याने पंधरा वर्षं पुसून टाकली. गुरुवारी कारकुनाने फोटो पाहिला, मग मावशींना पाहिलं.

"ही कोण, तुमची मुलगी? अर्जात हनुवटीवर व्रण लिहिलाय, तो कुठाय?"

मावशी तडक स्टुडिओत. टेबल सोडून मीही मागोमाग.

"व्रण कुठे गेला माझा?"

"तो डाग होय? काढला की. फुकटात."

"डाग नाही, खूण आहे ती! बॉनेट आपटलं होतं. परत लाव, आणि सुरकुत्याही."

"ताई, असा फोटो बाहेर गेला तर लोक स्टुडिओला नावं ठेवतील."

"मला ठेवतायत ती कमी आहेत?"

शुक्रवारी व्रण नि सुरकुत्यांसकट फोटो घेऊन मावशी रांगेत. पुढे एक टकलू गृहस्थ. फोटोत मात्र डोक्यावर जंगल. कारकुनाने मान वर न करता शिक्का मारला. "या, साहेब."

मावशी रांग सोडून माझ्या टेबलाशी आल्या.

"लिहा भाऊ, ओळखीच्या खुणेत. व्रणाच्या पुढे. पांढरे केस. कपाळावर आठ्या, तीन. डोळ्यांखाली पिशव्या, दोन. गळ्याची कातडी सैल."

"रकाना एवढासा आहे, मावशी."

"मागच्या बाजूला लिहा."

लिहिलं. कारकून वैतागला. "आजी, खूण एकच चालते."

"मग निवडा तुम्हीच. तीन दिवस तुम्हीच मोजताय."

रांगेत खसखस पिकली. त्याने व्रण ठेवला, बाकीच्यावर काट मारली, शिक्का उमटवला. वर म्हणालाच, "फोटोत जरा हसला असता तर..."

मावशींनी लायसन्स पर्समध्ये टाकलं.

"मोबाइलमध्ये डोकं घालून मुलीला माझ्या बसपाशी सोडायला तुम्हीच येता ना? चार वर्षं रोज उशीर. तिला सांगा, सोमवारपासून आजी थांबणार नाही."