दौंडला केलेला फोन

शिरूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत मैमुना अत्तार यांच्या घरी दर शुक्रवारी दुपारी पंधरा-वीस बायका जमायच्या. मैमुना त्यांना कुराण वाचायला शिकवायच्या आणि मग अर्धा तास दीनाच्या, म्हणजे धर्माच्या, चार गोष्टी सांगायच्या. वय पंचावन्न, नवरा वारलेला, आवाज मऊ. सगळ्या त्यांना आपा म्हणत.

त्या शुक्रवारी विषय तौबेचा निघाला. आपा म्हणाल्या, "गुनाह सोडायचा, मनापासून पस्तावायचं, आन् पुन्हा करायचा न्हाई असं ठरवायचं."

"आन् गुनाह माणसाचा केला असंल तर?" शेजारच्या जुलेखा मुलाणीने विचारलं.

आपा थांबल्या. ही चौथी गोष्ट त्यांना चांगली ठाऊक होती. गेल्या तीन वर्षांत त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

"मग त्या माणसाकडं जावं लागतं," त्या म्हणाल्या. "त्याचं जे बिघडवलं ते नीट करावं लागतं. माफी मागावी लागती."

"मग मला न्हावऱ्याला जाया पाहिजे," जुलेखा म्हणाली. "आमच्या पोरीचं, निखतचं जमलेलं लग्न मोडलं, तवा दौंडला कुणीतरी फोन केलता. मी माझ्या जावेवर, रहेमतवर आळ घेतला. पुरावा काय न्हाई माझ्याकडं. तीन वर्षं बोलले न्हाई तिच्याशी. रविवारी जाते."

बायकांनी माशाअल्लाह म्हटलं. आपा मान खाली घालून कुराण ठेवायचं लाकडी रेहाल मिटत राहिल्या.

फोन त्यांनी केला होता.

दौंडच्या कुलसुमबींचा मुलगा रेल्वेत लागला होता. ते स्थळ आपल्या मुलीला, सनाला यावं असं आपांच्या फार मनात होतं. कुलसुमबी शिरूरला आल्या, दोन्ही घरी चहा प्यायल्या आणि त्यांनी निखतला पसंत केलं. आठ दिवसांनी आपांनी नवऱ्याचं जुनं सिम मोबाइलमध्ये घातलं, तोंडावर ओढणीचा पदर धरला आणि फोन लावला. "मुलीला फिट येते. घरचे लपवतायत," एवढं बोलून ठेवून दिला.

जमलेलं मोडलं. ते स्थळ सनाकडेही आलं नाही. तिचं लग्न वर्षभराने श्रीगोंद्याला झालं. निखतला आणखी दोन ठिकाणांहून विचारणा झाली आणि दोन्हीकडून पुढे निरोपच आला नाही, कारण ते बोलणं दौंडहून काष्टीला आणि काष्टीहून पुढे पोचलं होतं.

आपांना पस्तावा झाला नव्हता असं नाही. त्या सोमवार-गुरुवारचे रोजे धरत, सजद्यात कपाळ टेकून रडत. अल्लाह माणसाचे ऐब, दोष झाकणारा आहे, त्याने आपलं झाकलं, ही त्याचीच मेहरबानी, असं मनाला समजावत. हळूहळू त्यांना वाटायला लागलं होतं की कुणाला कळलं नाही म्हणजे माफ झालं. पण आज त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर रहेमतचं नाव निघालं होतं. रहेमतने काही केलेलं नाही, हे जगात एकट्या आपांना माहीत होतं, आणि त्या गप्प बसल्या होत्या.

शनिवारी सकाळी त्या दौंडच्या एसटीत बसल्या. न्हावरं मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला. कुलसुमबींना काय म्हणायचं ते त्यांनी दहा वेळा मनात जुळवलं. दारात उभं राहिल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही.

कुलसुमबी नातीला मांडीवर घेऊन भरवत होत्या. सलाम झाला. आपा बसल्या आणि म्हणाल्या, "निखतबद्दल तुम्हाला फोन आलता. तो मी केलता. तिला फिट येत न्हाई. कधीच आली न्हाई."

कुलसुमबींचा हात वाटीतच राहिला. "तुम्ही? तुम्ही तर कुराण शिकवता ना?"

"व्हय."

"का?"

"माझी मुलगी होती लग्नाची."

नात घासासाठी कुलसुमबींचा हात ओढत होती. मग त्या म्हणाल्या, "आम्ही बी चौकशी न करता मोडलं. आन् मी आणखी चार-पाच जणींना सांगितलं."

"त्यांची नावं द्या मला. मी जाते सगळ्यांकडं."

"तुम्हाला त्या वळखत न्हाईत. माझ्या तोंडून गेलंय, मीच सांगते." त्यांनी नातीला खाली ठेवलं आणि आपांसमोरच काष्टीला बहिणीला फोन लावला.

परत येईपर्यंत असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. नमाज पढून आपा जुलेखाच्या घरी गेल्या. निखत रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात कामाला होती, नुकतीच बसमधून उतरून आली होती. गळ्यातलं ओळखपत्रही काढलेलं नव्हतं. आपांनी दोघींना समोर बसवून सांगितलं. काही लपवलं नाही, सिमचंही नाही आणि ओढणीचंही नाही.

निखत उठून खिडकीशी गेली.

"शुक्रवारी सगळ्या बायकांसमोर सांगते मी," आपा म्हणाल्या.

"नको," निखत वळून म्हणाली. "परत माझंच नाव निघंल. जिथं ते गेलं, तेवढ्यांनाच सांगा. आन् मला माफीचं आत्ता काही इचारू नका."

"न्हाई इचारत."

जुलेखा पुढे सरकली. "तुमच्याजवळ रडले मी, आपा. तिचं मोडलं तवा तुमच्याच खांद्यावर." मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या आठला रिक्षा सांगितलीया. तुम्ही बी चला. रहेमतला तुमच्या तोंडून कळू द्या."

दुसऱ्या दिवशी दोघी त्या रिक्षाने निघाल्या. न्हावऱ्याला रहेमत अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने दोघींचं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. ओला परकर तसाच हातात होता.

"माझ्या नातवाच्या अकिक्याच्या जेवणाला आली न्हाईस तू," ती जुलेखाला म्हणाली. "मी गोश्ताचा डबा पाठवलता, तो बी परत आला." आणि ती रडायला लागली. जुलेखाने तिला कवेत घेतलं. आपा बाजूला उभ्या होत्या. थोड्या वेळाने रहेमतनेच त्यांना खुर्ची दिली. "मी माफ केलं तुम्हाला. तुम्ही आला नसता तर आम्ही दोघी अशाच मेलो असतो," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

आपांनी शुक्रवारचा वर्ग बंद ठेवला. गुडघे दुखतात असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण नवं खोटं नको म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "मला थोडं थांबायचंय." जुलेखा गल्लीत दिसली तर सलामाचं उत्तर द्यायची, बोलायची नाही. आपा नमाजानंतर आता पहिल्यासारख्या फार रडत नसत. निखतचं नाव घेऊन दुआ मागायच्या आणि उठायच्या.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, निखत दारात आली.

"काष्टीच्या मावशी, त्या कुलसुमबींची भैन, येऊन गेल्या आमच्याकडं," ती म्हणाली. "त्यांच्या लोकांचा गैरसमज झालता म्हणाल्या."

आपांनी मान हलवली.

"माझ्या मनातून अजून गेलेलं न्हाई. तुम्ही सांगून गेलात त्या दिवसापासून रोज बद्दुआ देत होते तुम्हाला. ती आता बंद केली. तेवढं सांगाया आले."

आपांनी दार थोडं आणखी उघडलं. "चहा घेतीस?"

निखतने मोबाइलमध्ये वेळ बघितली, थोडा विचार केला आणि चपला काढल्या. "अर्धा कप," ती म्हणाली.