पोरकं आमेन

मोतीराम मास्तरांची बायको चंद्रभागा सायखेड्याला माहेरी निघून गेली, तेव्हा मास्तर 'तथास्तु' या शब्दापाशी होते. तिथून पुढे 'आमीन' आणि 'आमेन' गाठायचे होते. नाशिकच्या वाचनालयात 'प्रार्थनेच्या शेवटचा शब्द' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, आणि सन चौतीसच्या त्या थंडीत शहरापुढे याहून निकडीचा प्रश्न नाही, असं त्यांचं मत होतं.

भांडण वगैरे झालं नव्हतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "मी उद्या सायखेड्याला जाते. आता तिथंच राहीन म्हणते. चालेल ना?"

मास्तर पुस्तकातून म्हणाले होते, "हं. चालेल."

वीस वर्षं ते असंच म्हणत आले होते. मीठ संपलं, हं. थोरलीला दिवस गेलेत, हं. या एका अक्षरावर संसार सुरळीत चालला होता, निदान मास्तरांचा तरी. दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा आला नाही, तेव्हा त्यांनी मान वर केली.

या रोगाचं निदान शेजारच्या बयाबाईंनी केलं. वास्तुपुरुष घरभर तथास्तु म्हणत हिंडत असतो, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कसं ठाऊक नाही? म्हणून तर बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. "तुम्ही चालेल म्हणालात, त्यानं तथास्तु म्हटलं. झालं," असं सांगून त्यांनी वाटीभर पिठलं ठेवलं आणि गेल्या.

मास्तर बी. ए. असल्यामुळे त्यांचा वास्तुपुरुषावर विश्वास नव्हता. पण दुपारी डोळा लागला की तो दिसू लागला. पेन्शनीत निघालेल्या कारकुनासारखा, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला. माजघरातून तो देवघरात जाई, तिथून चंद्रभागेच्या लुगड्यांच्या रिकाम्या दांडीपाशी. भिंती गोदेवरच्या धुक्यासारख्या मऊ होत आणि तो त्यांतून आरपार जाई, ओठांतल्या ओठांत तथास्तु, तथास्तु पुटपुटत. मास्तर मागून हाका मारत चालत. तो थांबत नसे. जाग आली की उशी ओली असे. मास्तर त्याचा दोष थंडीवर ढकलत.

मग त्यांनी अभ्यासाचा वेग वाढवला, आता नेमकं कशासाठी ते स्वतःलाही न सांगता. पागोट्यांचे व्यापारी निजामभाई म्हणाले की दुआ एकजण मागतो, आमीन बाकीचे म्हणतात. आणि जो आमीन म्हणाला तो त्या मागण्यात सामील झाला. "नंतर मी तिथं नव्हतोच, असं म्हणता येत नाही, मास्तर." मास्तरांना हे मुळीच आवडलं नाही.

शेवटी ते देवळालीला गेले. तिथं हवेसाठी येऊन राहिलेले इसाजी नागावकर मुंबईच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू होते. शब्द मूळचा त्यांच्याकडचा. त्यांनी सांगितलं की आमेन म्हणजे नुसतं 'तसं होवो' नव्हे. तंबूची मेख जमिनीत घट्ट बसावी, तसं पक्कं, विसंबावं असं काहीतरी त्याच्या मुळाशी आहे. तोच शब्द अरबांकडे आमीन झाला आणि ग्रीकांच्या हातून पाद्र्यांपर्यंत पोचला.

"पण एक नियम आहे," इसाजी म्हणाले. "समोरचा काय म्हणाला ते न ऐकताच म्हटलेलं आमेन आम्ही धरत नाही. त्याला पोरकं आमेन म्हणतात."

मास्तरांना एवढा आनंद झाला की पुढ्यातला चहा तसाच राहिला. वास्तुपुरुष कुणाचं कधी ऐकतो? त्याचं तथास्तु बाद.

परतताना टांग्यात डुलकी लागली, आणि समोरच्या बाकावर तो येऊन बसला. रस्त्याकडेची वडाची झाडं पाण्यात असल्यासारखी हलत होती. मास्तरांनी त्याला मोठ्याने जाब विचारला. त्याने हसून कानाकडे बोट दाखवलं. ठार बहिरा होता.

मास्तर जागे झाले. त्यांचे स्वतःचे कान चांगले होते, यात वाद नव्हता.

तरी दुसऱ्या दिवशी सायखेड्याच्या ओट्यावर बसून त्यांनी चंद्रभागाबाईंना ऐकवला तो मेखेचा, ग्रीकांचा आणि नियमाचा भाग. खाली गोदावरीवरचं धुकं विरलं तरी त्यांचं चाललंच होतं. चंद्रभागाबाई सुपात हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या.

"म्हणजे वास्तुपुरुषाचं ते पोरकं ठरलं," मास्तर म्हणाले. "तू यायला हरकत नाही."

"त्याचं राहू द्या. मी त्याला कुठं विचारलं होतं? तुम्हाला विचारलं होतं."

मास्तरांनी मांडीवरची टिपणांची वही मिटली. ते म्हणाले, "मग आता सांग."

चंद्रभागाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग सांगायला लागल्या. थोरलीचं पहिलं मूल गेलं ती दुपार. स्वतःचं छातीत दुखणं, जे त्यांनी तीनदा सांगितलं होतं. एका पावसाळ्यात त्यांना लिहायला शिकायचं होतं ते. मास्तरांना वाटलं, हे सगळं आपल्याच घरात घडलं, आणि आपण ते आज सायखेड्यात बसून पाहतो आहोत. तोंडाशी 'हं' आला. तो त्यांनी गिळला.

"घरी चल, चंद्रभागा," ते म्हणाले.

"बघू," त्या म्हणाल्या. "अजून माझं सांगून व्हायचंय."

मास्तरांनी सूप आपल्याकडे ओढलं आणि घाटे सोलायला घेतले.