ज्या अंगठ्याला मी ओळखलं नाही

मी बाईंडरताईंचा मोबाईल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात; आज म्हटलं, आपलंही सांगून टाकावं. तोंड वर करून सांगण्यासारखं काही नाही म्हणा.

ताई एका खोलीत पुस्तकं बांधतात. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायच्या, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. घडी अंगठ्यानेच दाबायची. तीस वर्षं दाबून दाबून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या गेल्यात.

गिऱ्हाइकं फोनवरून पैसे द्यायला लागली, तेव्हा धाकट्या भावाने मला विकत आणलं. बोलायला मी मोकळा होतो, पण पैशाच्या ॲपला कुलूप होतं आणि ते अंगठ्याने उघडायचं. ताईंनी अंगठा टेकवला. मी म्हणालो, ओळख पटली नाही. त्यांनी हात धुतला, पुसला, पुन्हा टेकवला. सहा वेळा मी तेच म्हणालो. ज्या अंगठ्याने घर चालवलं, भावाला शिकवलं, त्यावर मला काही दिसेचना!

भाऊ हसला. म्हणाला, तात्पुरता माझा लावतो. आकडे टाकूनही कुलूप उघडतं, पण ते आकडेही त्याने स्वतःकडेच ठेवले. ताई विसरेल, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षं झाली.

पैसे आले की मी टिंग करायचो आणि ताई खुश व्हायच्या. द्यायची वेळ आली की भावाची वाट बघायची. दोऱ्याचं रीळ आणायचं तरी त्याला विचारा. माझं खातं भाऊ बघतो, असं त्या कौतुकाने सांगायच्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मला कळत होतं. पण मी पडलो यंत्र.

ताईंना एकच हवं होतं. कागद कापायचं जुनं मशीन. बांधलेली पुस्तकं कडा कापायला डोक्यावरून दुसऱ्याच्या प्रेसमध्ये न्यावी लागत आणि मान धरायची. त्यासाठी त्या दोन वर्षं पैसे मागे टाकत होत्या.

एका दुपारी त्या खळ ढवळत होत्या. भाऊ आला, मला उचललं, अंगठा ठेवला. मी लगेच उघडलो. कोण, कशाला, एका शब्दाने विचारलं नाही. पैसे त्याच्या खात्यात गेले. त्याला दुकानासाठी गाळा घ्यायचा होता, महिन्याभरात परत टाकणार होता. वाईट नाही हो तो. पण पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज त्याने पुसला आणि मी पुसू दिला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि ते कुंपण मी.

आठवड्याने मशीनवाला टेम्पो घेऊन दारात आला. ताईंनी भावाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग आपलाच अंगठा माझ्यावर टेकवला, जोर लावून, घडी दाबतात तसा. ओळख पटली नाही, मी म्हणालो. मशीनवाल्यासमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

टेम्पो थांबवून ताई मला घेऊन बँकेत गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी खातं पाहिलं आणि किती उरलेत ते हळूच सांगितलं. मग विचारलं, "ताई, हे खातं सांभाळतं कोण?"

"माझा भाऊ."

"आणि आहे कुणाचं?"

 ताईंनी मला काउंटरवर पालथं घातलं. टेम्पो परत गेला.

बाईंनी ताईंची ओळखपत्रं तपासून ॲप नव्याने चालू केलं, भावाचा अंगठा काढून टाकला, जुने आकडे बदलायला सांगितले. नवे आकडे कुणालाही सांगू नका, अगदी आम्हा बँकवाल्यांनासुद्धा नाही, असं म्हणाल्या आणि खरंच तोंड फिरवून बसल्या. बाहेर रिचार्जवाला म्हणाला, आकडे आमच्याकडे लिहून ठेवा, सगळी गिऱ्हाइकं ठेवतात. सांभाळणाऱ्यांना तोटा नाही जगात.

संध्याकाळी भाऊ आला. खाली मान घालून म्हणाला, टप्प्याटप्प्याने देतो. देईलही. मग सवयीने मला उचललं, अंगठा ठेवला. मी त्याला ठेंगा दाखवला.

"ताई, हा बिघडलाय."

ताईंनी घडीवरची नजर काढली नाही. "बिघडला नाही. सुधारलाय."

ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. सुधारलो कसला! त्यांचा अंगठा मला आजही ओळखता येत नाही. त्या पुस्तकं अजून डोक्यावरूनच नेतात आणि मी त्यांच्या खिशात असतो.

आता दोऱ्याचं रीळ त्या स्वतः घेतात. आकडे दाबताना आधी माझ्यावर दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरतात. आसपास कुणी नसलं तरी धरतात. मला वाटतं, त्या ते माझ्यापासूनच लपवतात. लपवू देत. आकडे माझ्याच पोटात जातात, पण तेवढं त्यांना सांगायचं माझं धाडस होत नाही.