आरशासमोरची पायरी

शिवणकाम करणाऱ्या बाईने हातातलं अस्तराचं गठुळं बाजाराच्या इमारतीच्या जिन्यातच टाकलं आणि भिंतीवरच्या आरशामागे वाकून पाहिलं. तिथे मांजरही मावलं नसतं, तरी तिने पाहिलं. पंधरा मिनिटांपूर्वी याच आरशासमोर, याच पायरीवर लेकीला उभं करून आपण अस्तर आणायला गेलो होतो, हे बाईला पक्कं ठाऊक होतं. आता पायरी रिकामी होती.

"बच्चू!"

नुसतीच हाक जिन्यात घुमली. धापा टाकत ती खाली बाजाराच्या फाटकाशी आली.

"माझी मुलगी दिसत नाहीये हो. बच्चू."

"वय काय, मावशी?" पहारेकरी लगबगीने उठला.

"एकोणीस."

तो पुन्हा खुर्चीत बसला. "मग काय! येईल की फिरून."

"तिला स्वमग्नता आहे. गलका सोसत नाही. अनोळखी माणसाशी पटकन बोलत नाही."

हे तिने शाळेत सांगितलं होतं, दवाखान्यात सांगितलं होतं, नात्यातल्या लग्नांत तर दर वेळी; आणि दर वेळी काही गुन्हा कबूल केल्यासारखं खालच्या आवाजात.

"थांबा, पुकारतो."

"नको! कर्णा वाजला की ती कान झाकून पळत सुटते. बाहेर रस्ता आहे हो..."

पण माणूस कामाला तत्पर. बटण दाबून तो बोलूही लागला होता. "बच्चू नावाची लहान मुलगी हरवली आहे..." कर्णे खरखरले. झालं! दुकानदार टेबलांखाली लहान मूल शोधायला लागले आणि बाई रस्त्याकडे धावली.

भर दुपारची वाहनं एकाला एक खेटून चालली होती. एक ट्रक करकचून थांबला. तिने डोळे मिटून घेतले. उघडायचा धीर होईना. उघडले तेव्हा चाकापुढे एक रिकामं खोकं पडलं होतं. खांबाला धरून ती मनाशी पुटपुटली, विसरली पोरगी. चुकामूक झाली तर जागेवरून हलायचं नाही, हे लहानपणी हजारदा घोकून घेतलं होतं. अंगणात, दुकानात, बसथांब्यावर. आणि आज नेमकं विसरली.

विसरली? बच्चू? तीन वर्षांपूर्वीच्या बसचा नंबर सांगणारी बच्चू?

बाई मागे वळली. पहिल्या मजल्यावरचा आरसा, त्याच्यापुढे टाकलेलं गठुळं. ती थबकली आणि आणखी एक जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरही तस्साच आरसा होता, तशीच पायरी होती. पायरीवर कानांवर हात दाबून लेक उभी होती. अस्तर घेऊन बाई वरच्या मजल्यावरून पलीकडच्या जिन्याने उतरली होती आणि एक मजला जास्तच खाली गेली होती.

शेजारचा बटणवाला स्टुलावर चढला होता. कर्ण्याची तुटलेली वायर त्याच्या हातात होती.

"हिने कान झाकले, म्हणून ओढून काढली," तो म्हणाला. "बसायला हेच स्टूल देत होतो, ताई. तर म्हणते, आईने उभं राहायला सांगितलंय."

बाईचे डोळे वाहत होते. तिने हात पुढे केला, पण लेकीला अचानक शिवलेलं चालत नाही हे आठवून तो तसाच अधांतरी ठेवला.

"तू हरवलीस," लेक आरशातल्या आईकडे बघत म्हणाली. "जागेवरून हलायचं नसतं."

"घाबरले गं मी."

"मीपण घाबरले." लेकीने एका कानावरचा हात काढला आणि आईच्या हातात दिला. "पण थांबले."