मागची खोली

सूनबाई वेस्ना हातात खडू घेऊन घरभर फिरत होती. ती फुली मारेल तिथे खोली तापवणारा रेडिएटर बसणार होता; रेडिएटर मोजकेच होते. सासरे राडोये तिच्या मागोमाग. मागच्या थंड खोलीत त्यांनी आंबवायला घातलेल्या कोबीचं पिंप होतं. ती खोली तापली की कोबी नासलाच.

"संडासात लाव गं. फार गारठा असतो तिथे," ते म्हणाले.

"काल तर तासभर पेपर वाचत बसला होतात, बाबा."

"कुडकुडत वाचत होतो."

तिने तिथे फुली मारली. शेवटी मागच्या खोलीचं दार आलं. राडोयेंनी श्वास रोखला. वेस्ना आत डोकावली आणि तिने दार लोटून घेतलं.

"इथे नको. नाहीतर हिवाळाभर सार्म्याचा खिमा कोबीच्या पानांऐवजी काय, तुमच्या पेपरात गुंडाळू?"

राडोयेंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जाऊन संडासातली फुली गुपचूप पुसून टाकली.